रविवारी चारला, चाकांच्या शेडमध्ये

दारू पिणाऱ्या माणसांची मला लहानपणापासून शिसारी होती, आणि मी स्वतः रोज पीत होतो तेव्हाही ती तशीच होती. हे कुणाला खरं वाटत नाही. पण पनवेलच्या त्या दवाखान्यात मी औषधं द्यायला उभा असायचो, तेव्हा समोर एखादा तोंडाला वास येणारा माणूस आला की मी मान फिरवून श्वास घ्यायचो. माझ्या स्वतःच्या तोंडाला मात्र आल्याचा, वेलदोड्याचा वास असे. तो वास सभ्य आहे अशी माझी समजूत होती.

मी कंपाउंडर होतो. दारूबंदी येऊन दहाएक वर्षं झाली होती. खाडीकडच्या गावांतून हातभट्टीची दारू सायकलच्या ट्यूबमध्ये भरून बायका गावात आणत. कुणी ती अंगाभोवती गुंडाळून आणी, कुणी भाजीच्या पाटीखाली. नवसागर, कुजका गूळ, आणखी काय काय घालत देव जाणे. ती पिणारी माणसं गटारात पडत. मी पांढरा लेंगा, पांढरा शर्ट घालणारा माणूस; मी असलं कसं पिणार? मी टिंक्चर प्यायचो, म्हणजे औषधात मिसळायचा स्पिरिटमधला अर्क. आल्याचं, वेलदोड्याचं, संत्र्याच्या सालीचं. मोठ्या बाटल्या मुंबईहून येत आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. पहिल्यांदा थंडीच्या दिवसांत, पोटात दुखतंय म्हणून चमचाभर घेतलं. त्यानंतर पोट रोजच दुखायला लागलं.

आल्याचं टिंक्चर नुसतं पिताना घशाची साल निघते. डोळ्यांतून पाणी येतं, नाक वाहतं, जीभ पांढरी पडते. मी ते दवाखान्यामागच्या मोरीत उभं राहून पीत असे. मोरीत मलमपट्टीचे पू लागलेले बोळे पडलेले असत, त्यांच्याकडे बघत बघत प्यायचो. कधी पहिला घोट उलटून हातात यायचा, तो परत गिळायचा. हे लिहितानाही माझी जीभ टाळूला चिकटते आहे. पुढे तेवढ्यानं भागेना, तेव्हा ट्यूबमधली दारूही सुरू झाली. तिला रबराचा वास येई. महिनाभरात मला रबराचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटू लागलं.

माझी बायको सहा वर्षं काही बोलली नाही. ती रात्री माझ्याकडे पाठ करून झोपायची, आणि सकाळी माझ्या उशीचा अभ्रा दोन बोटांत धरून मोरीत नेऊन टाकायची. दोन बोटांत धरायची, ते मला दिसायचं.

एका पौषात शाळेच्या पटांगणावर दारूबंदीची सभा झाली. बायको म्हणाली, "अहो, तिथं शपथ देतात म्हणे. जाऊन तर या." मी गेलो. व्यासपीठावर गावातले एक बडे गिरणीवाले बसले होते. त्यांना तब्येतीच्या कारणानं दारूचं परमिट मिळालेलं आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यासाठी लागणारा दाखला आमच्याच डॉक्टरांकडे मागायला त्यांचा माणूस आला होता आणि डॉक्टरांनी दिला नव्हता, म्हणून गिरणीवाल्यांनी तो दुसरीकडून घेतला. तेच आम्हाला संसाराची राखरांगोळी समजावून सांगत होते. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस झिंगलेला होता आणि प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवत होता. मग आम्हाला ओंजळीत पाणी धरून शपथ घ्यायला लावली. मी घेतली. तिसऱ्या दिवशी मोरीत उभा होतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस, भर सकाळी, दवाखान्यात माणसं बसलेली असताना मी पुड्यांसाठी खलात काहीतरी घोटत होतो. अचानक पोटातून उमासा आला आणि मी त्या खलात ओकलो. बाकड्यावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. तिनं पदर नाकाला लावला आणि मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं. डॉक्टर आतून आले. त्यांनी मला बाजूला केलं, खल उचलला, मोरीत नेऊन स्वतःच्या हातांनी धुतला. दोनदा साबणानं, मग उकळत्या पाण्यानं. दुपारी दवाखाना बंद झाल्यावर मला समोर बसवून म्हणाले,

"उद्या येऊ नका."

मी लेंग्यावरचा डाग नखानं खरवडत राहिलो.

"कायमचं म्हणत नाही मी. माझा एक मित्र मुंबईत डॉक्टर आहे. तो सांगत होता, एका चर्चच्या मागच्या खोलीत काही माणसं जमतात. सगळी पिणारीच. म्हणजे, पूर्वी पिणारी. औषध नाही, शपथ नाही, पुढारी नाही. नुसतं बोलतात."

"बोलून काय होणार?"

"मला ठाऊक नाही. पण माझ्याजवळ तुमच्यावर औषध नाही, हेही खरं." त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या कागदावर पत्ता लिहून दिला. "तिथं जाऊन आलात की मग या."

पत्ता खिशात ठेवून मी तीन आठवडे घरी बसलो. त्या तीन आठवड्यांत काय काय प्यायलो ते सांगत नाही. चौथ्या शनिवारी बायकोनं कागद माझ्या शर्टाच्या खिशातून काढून हातात दिला आणि एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्यासोबत चालत आली. मी मध्येच उतरून परत येईन याची तिला खात्री असावी, कारण गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती तिथंच उभी होती.

तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे ठाण्याला वळसा घालून. मी विचारत विचारत त्या खोलीपर्यंत पोचलो तेव्हा सहा वाजले होते. खोलीत दहा-बारा माणसं होती, आणि सिगारेटचा एवढा धूर की भिंतीवरचा क्रूस दिसत नव्हता. सगळं बोलणं इंग्रजीत. बाटल्यांवरच्या लेबलांपुरतं मला इंग्रजी येत होतं. बोटीवर काम केलेला एक धिप्पाड माणूस उभा राहिला आणि बोलता बोलता रडू लागला. त्याच्या नाकातून पाणी ओठांवर आलं, तरी त्यानं ते पुसलं नाही; तसाच बोलत राहिला. बाकीचे शांतपणे ऐकत होते, कुणी चहा पीत होते. ही कसली माणसं, मी मनात म्हटलं, आपली घाण चारचौघांत काढून बसलीत आणि वर चहा पिताहेत. मी उठून बाहेर आलो आणि नळावर तोंड धुऊ लागलो.

मागून कुणीतरी स्वच्छ मराठीत म्हणालं, "पनवेलचे ना तुम्ही? दवाखान्यात पुड्या बांधता?"

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. वळून पाहिलं तर आमच्या गावातलेच एक गृहस्थ. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले. आपल्या पत्नीसाठी ते गुडघ्याचं औषध न्यायला येत. डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. असा माणूस कधी प्यायला असेल हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. पुढे मी त्यांना काका म्हणू लागलो.

"तुम्ही इथं कसे?" मी विचारलं.

"तुम्ही आलात तसाच. दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "चला, पुरं होऊ द्या. परतीच्या गाडीत मी सगळं मराठीत सांगतो."

आणि खरोखरच सांगितलं. ठाण्यापासून पनवेलपर्यंत, गाडीतल्या लोकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात. पहिला असं म्हणाला, दुसरा असं म्हणाला. त्या धिप्पाड माणसानं बायकोचे दात पाडले होते आणि त्यातला एक दात तो खिशात घेऊन हिंडत होता. ऐकताना मी खिडकीबाहेर तोंड काढून बसलो. शेवटी काका म्हणाले, "मी गोदीत असताना पिंपाच्या बुडाशी राहिलेलं स्पिरिट फडक्यात टिपून, फडकं पिळून प्यायचो. पिंप कशाचं होतं तेही बघायचो नाही."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. स्वच्छ, नखं कापलेली. मला त्यांचीही किळस आली, आणि ती त्यांना समजली असावी.

"वाटू दे तुम्हाला जे वाटतं ते," ते म्हणाले. "फक्त पुढच्या शनिवारी या."

मी दर शनिवारी जाऊ लागलो. पहिले अडीच महिने मी प्यायलो नाही, म्हणजे दोनदा प्यायलो. डॉक्टरांनी मला परत कामावर घेतलं, पण कपाटाची किल्ली आता त्यांच्या जानव्याला होती. काकांना खरं तर शनिवारी प्रवास करणं जड जायचं. तो त्यांचा शब्बाथ, अंधार पडेपर्यंत काम नि प्रवास वर्ज्य. अंधार पडायच्या आत ते घराबाहेर पडत याबद्दल त्यांच्या घरात कुरबुर होती. शिवाय इंग्रजीत चालणाऱ्या त्या बैठकीत पनवेलचा दुसरा कुणी येणं शक्यच नव्हतं. एकदा ते म्हणाले, "आपल्याकडेच जमवू या. रविवारी. आपल्या भाषेत."

जागा मिळाली ती बैलगाडीची चाकं बनवणाऱ्या एका सुताराच्या शेडमध्ये. पनवेलची चाकं तेव्हा लांबलांब जात. हा सुतार हाताचा सोन्यासारखा, पण पिऊन पिऊन त्यानं डाव्या हाताची दोन बोटं लाकूड तासायच्या वाकसाखाली घालवली होती. काकांच्या ओळखीचा होता. रविवारी काम बंद असे. उभ्या करून ठेवलेल्या चाकांच्या मधल्या जागेत गोणपाट टाकून आम्ही तिघं बसलो. वरचे पत्रे तापलेले, लाकडाचा भुसा, आणि चाकांवर चढवायची लोखंडी धाव तापवायला जाळलेल्या शेणींचा करपट वास. चार वाजताची वेळ ठरली. सभा म्हणायचं नाही, बैठक म्हणायचं, हे सुतारानं ठरवलं. "सभा म्हटलं की पोलीस येतात," तो म्हणाला.

ही भीती खोटी नव्हती. परमिटाशिवाय पिणं हाच गुन्हा. आम्ही दर रविवारी एकत्र बसून आपापले गुन्हेच तर सांगत होतो. म्हणून आम्ही बोर्ड लावला नाही, कुणाला बोलावलं नाही. नावंही घ्यायची नाहीत, हा नियम काकांनी मुंबईहून आणला. तो मी अजून पाळतो.

चौथा आला तो उरणच्या रस्त्यावरच्या एका गावातला आगरी माणूस, मिठागरावर काम करणारा. सुताराकडे गाडीचं तयार झालेलं चाक न्यायला आला होता, तो बसूनच राहिला. काळाकभिन्न, मिठानं पाय फाटलेले. दुसऱ्याच रविवारी त्यानं आपली गोष्ट सांगितली.

"माझी आय मेली," तो म्हणाला. "दम्यानं. मी दोन दिस भट्टीवरच व्हतू. घरा आलू तवा तिला तिरडीवर बांधली व्हती. मना सांगितला, खांदा दे. मी दिला. आन चार पावलांवर पडलू, तिच्यासकट. आय खाली, मी वर. लोकांनी मना लाथा मारून बाजूला केला. मना लागला नाय. मी तिच्या तोंडाजवल वकलू."

काका म्हणाले, "पाणी घ्या." मी त्याच्या पायांच्या भेगांत भरलेल्या चिखलाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, मी असा नाही. काहीही असो, मी असा नाही. घरी जाऊन मी आंघोळ केली. बायकोनं विचारलं, "भर संध्याकाळी आंघोळ?" मी म्हटलं, "त्या लोकांचा वास अंगाला लागतो." ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि चुलीकडे वळली.

मी स्वतः त्या बैठकीत काय सांगत होतो? खलात ओकल्याची गोष्ट. ती सांगायला सोपी होती. गावानं ती पाहिलेलीच होती. चार-पाच रविवार मी तीच सांगितली, थोडी रंगवून. मग बोलायचं टाळू लागलो. काका विचारत, "तुम्ही?" मी म्हणे, "आज ऐकतो."

पावसाळा संपता संपता एका रविवारी शेडच्या दारात दारूबंदी पथकातला हवालदार उभा राहिला. अंगावर साधे कपडे होते, पण त्याला ओळखत नाही असा माणूस तालुक्यात नव्हता. सुताराला त्यानं एकदा चौकीत नेऊन पट्ट्यानं मारलं होतं. मिठागरवाल्याच्या वहिनीला ट्यूबसकट पकडून तिची बाजारात धिंड काढली होती. सुतार वाकस घेऊन उठला.

"मी पकडाया आलो नाही," हवालदार म्हणाला. तो घाटावरचा होता. "मी बसाया आलोय."

"कशाला?" सुतारानं विचारलं.

"तुम्ही ज्याच्यासाठी बसताय त्याच्यासाठीच."

काकांनी गोणपाटावर हात थोपटला. तो बसला. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मग कुणी न विचारता सांगू लागला. छाप्यात सापडलेली दारू पंचांसमोर ओतून टाकावी लागते. आधी तो त्यातली बाटलीभर काढून ठेवायचा. पुढे साहेब बदलला, नवा साहेब स्वतः उभा राहून ओतून घेऊ लागला. एकदा खाडीकाठी सगळी मडकी फोडली. दारू जमिनीवरून वाहत गेली आणि म्हशींच्या पावलांच्या खळग्यांत साठली. साहेब, पंच, शिपाई सगळे निघून गेले. "मी म्हणलं, माझी टोपी राहिली," हवालदार सांगत होता, "आणि माघारी आलो. खाली बसलो. खळग्याला तोंड लावलं. म्हशीचं शेण होतं त्यात. वरनं माशा. मी दोन खळगे रिकामे केले."

सुतार बाहेर जाऊन थुंकला. मी उठून उभा राहिलो.

"काका, ह्याला इथून घालवा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "ह्यानं लोकांना मारलंय. बायकांची अब्रू घेतलीय, आणि स्वतः जनावरासारखा… हा माणूस आपल्यात बसायच्या लायकीचा नाही."

"कोण आहे लायकीचा?" काकांनी विचारलं.

"निदान आम्ही असलं काही केलेलं नाही."

काकांना राग आलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. आवाज न चढवता म्हणाले, "हे सगळे बोलले. हवालदार पहिल्या दिवशी बोलला. तुम्ही सहा महिने आमचं ऐकताय आणि नाक धरून बसताय. पुढच्या रविवारी तुम्ही बोला. तो खल सोडून. नाहीतर येऊ नका."

त्या आठवड्यात मी प्यायलो नाही, याचं कारण निश्चय नव्हे; माझ्या घशाखाली काही उतरतच नव्हतं. मला काय सांगायचं आहे ते मला ठाऊक होतं. ते मी बायकोला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, आणि स्वतःशीही कधी सबंध वाक्यात म्हटलं नव्हतं.

रविवारी मी जाऊन बसलो. चौघंही आले होते. मी चाकाच्या एका आऱ्याला धरून बोलू लागलो. म्हणालो, टिंक्चर प्यायलो हे तुम्हाला माहीत आहे. पण मोठी बाटली कमी झालेली डॉक्टरांना कळली असती. म्हणून रोग्यांच्या औषधात जे टिंक्चर घालायचं, ते मी प्यायचो आणि त्यांच्या बाटल्यांत पाणी घालायचो. वर रंग आणि थोडी साखर. बाटलीवर डोसांची कागदी पट्टी मात्र नीट कापून चिकटवायचो. आधी वासापुरतं घालायचं तेवढंच गाळायचो. नंतर हात थरथरायला लागले, नीट मोजता येईना, आणि घाई असली की सगळीच बाटली पाण्यानं भरायचो. पोरांच्या हगवणीच्या बाटल्या. म्हाताऱ्यांच्या खोकल्याच्या. दोन वर्षं. माणसं परत येऊन सांगत, "गुण नाही आला." मी सांगायचो, "पथ्य पाळलं नसेल."

सुताराचं तोंड उघडं राहिलं होतं. मी थांबलो. मिठागरवाला माझ्याकडे बघत होता.

"दम्याचा पन?" त्यानं विचारलं.

मला त्याची आई आठवत नव्हती. अशा कितीतरी म्हाताऱ्या खाडीकडून येत. मी म्हणालो, "हो. दम्याचंही."

"माझे आयला मी तुमच्याच दवाखान्यान आनलेली. दोनदा. बाटली तुमीच दिलात."

मी मान हलवली. तो उठून माझ्यासमोर आला. मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटलं. पण तो नुसता उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "आमी तुमचे दारान चपला काढून येव. देवलान येतंव तसा." मग बाजूला थुंकला आणि निघून गेला.

सुतारही त्याच्या मागे गेला. काका डोळे मिटून बसले होते. हवालदारानं मडक्यातून तांब्याभर पाणी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. त्याच तोंडाची, त्याच हातांची मला आठ दिवसांपूर्वी किळस आली होती. ती गेलीही नव्हती. तरी मी ते पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून ऐकत होते. माझं सांगून झालं, तेव्हा बाहेर बाकड्यावर माणसं येऊन बसली होती. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जे पीत होतात ते बहुतेक पोटाचं आणि वासाचं औषध. दम्याचं मुख्य औषध वेगळं. ते तुम्ही बाटलीत घातलं असेल, तर ती बाई पाण्यामुळे मेली नाही. घातलं होतंत?"

"आठवत नाही."

"आठवत नाही," त्यांनी परत म्हटलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला तुमच्याकडे बघवत नाही. मागं जाऊन बसा. रोगी गेल्यावर बोलू."

त्यांनी मला काढून टाकलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. औषधांना हात लावायचा नाही, एवढं ठरलं. नवा कंपाउंडर आला. मी दारात बसून नावं घेऊ लागलो, बाटल्या धुऊ लागलो, मलमपट्टीचे बोळे जाळू लागलो. बायकोला त्याच रात्री सांगितलं. तिनं विचारलं, "आपला धाकटा तापानं फणफणला होता, तेव्हाचं औषध?" त्याचं मी नीट बनवलं होतं. तसं सांगितल्यावर तिचा चेहरा अधिकच वाईट झाला. "म्हणजे तुम्हाला कळत होतं," ती म्हणाली.

मिठागरवाला चार रविवार आला नाही. पाचव्या सोमवारी डॉक्टरांची परवानगी घेऊन मी त्याच्या गावी गेलो. दिवाळीनंतर मिठागरांत भरतीचं पाणी घेतात, ते काम चाललं होतं. उन्हात सगळीकडे पाणी चमकत होतं आणि कुजलेल्या शेवाळाचा वास सुटला होता. तो गुडघाभर चिखलात उभा राहून बांध लिंपत होता. मला बघून त्यानं काम थांबवलं नाही. मी बांधावर उभा राहिलो.

"पिताय?" मी विचारलं.

"नाय."

"मग येत का नाही?"

त्यानं चिखलाचा गोळा बांधावर आपटला. "तुमाला बगला का मना वकारी येते."

"येणारच."

"तुमी नका येव. मंग मी येन."

मी विचार केला. म्हणालो, "मी नाही आलो तर परत प्यायला लागेन. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही या. मी मुंबईच्या बैठकीला जाईन."

त्यानं दुसरा गोळा उचलला, खाली टाकला. हात पाण्यात धुतले. "तेथं तुमाला भाषा तरी कलते का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग?"

मी चपलेचा चिखल बांधावर खरवडला. तो म्हणाला, "जा तुमी. माझा काम हाय."

मुंबईला तेव्हा रविवारी रात्रीही बैठक होऊ लागली होती; पुढच्या रविवारी दुपारी मी तिकडे जायला निघालो होतो. काकांनी वाटेत गाठून परत फिरवलं. "तो येऊन बसलाय," ते म्हणाले. "तुम्हाला बोलवायला त्यानंच पाठवलंय." मी शेडमध्ये गेलो. तो चाकांच्या पलीकडे बसला होता. माझ्याकडे बघितलं नाही.

ती बैठक पुढे कित्येक वर्षं चालली. हवालदार दोनदा घसरला, नोकरीतून गेला, तरी येत राहिला. तो मला कधीच आवडला नाही. काका मुलाकडे इस्राएलला गेले, जाताना त्यांच्या पत्नीनं आम्हा सगळ्यांना भिजवलेल्या मनुकांचं सरबत पाजलं. सुतारानं शेवटपर्यंत जागा दिली. आणि मिठागरवाल्यानं त्या दिवसापासून एक प्रथा पाडली. कुणी नवा माणूस आला, थरथरता, लाजेनं मेलेला, आपल्याइतका घाणेरडा कुणी नाही असं समजणारा, की तो आधी आपल्या आईची गोष्ट सांगे. खांदा, चार पावलं, सगळं. सांगून झालं की माझ्याकडे बोट करी.

"आन तिचे औषधान पानी घालनारा ह्यो. हेच्याकडं बगून घे."

मी मान हलवून हो म्हणायचो. मग तो नवा माणूस माझ्याकडे बघे. नाकपुड्या किंचित फुगत, आणि तो गोणपाटावर माझ्यापासून थोडा लांब सरके. त्यातले बरेचसे पुढच्या रविवारी परत आले.